विश्लेषण : उपवासाच्या ताटातली अमेरिका आणि मेक्सिकोच्या मक्यात रमलेले पांडुरंग खानखोजे

आषाढी एकादशीला कराडच्या किंवा मिरजेच्या कोणत्याही घरातले उपवासाचे ताट पाहा. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू आणि वर हिरवी मिरची. यातली वरी आणि दही सोडले, तर जवळजवळ सगळे पदार्थ पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे नव्हतेच. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा, रताळे, राजगिरा आणि मिरची ही सगळी पिके मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचण्याच्या हजारो वर्षे आधी तिथल्या शेतकऱ्यांनी ती रानातून उचलून शेतात आणली होती.

ही पिके तिकडून इकडे कशी आली, याची कहाणी बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. उलटा प्रवास मात्र फारसा कुणाला माहीत नाही. इंग्रजांच्या विरोधात बंदूक हाती घेण्यासाठी घर सोडलेला एक मराठी तरुण जग पालथे घालून मेक्सिकोत पोहोचला आणि ज्या भूमीत मका जन्माला आला, तिथल्याच शेतकऱ्यांना मक्याचे नवे वाण देऊ लागला. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

कोण होते खानखोजे?

खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकात वर्ध्याचा. प्राथमिक शिक्षण तिथेच झाले आणि पुढचे नागपुरात. त्या काळात विदर्भातल्या शिकणाऱ्या मुलांवर लोकमान्य टिळकांचा मोठा प्रभाव होता. खानखोजेही त्याच वाऱ्यात वाढले. देश स्वतंत्र करायचा तर लष्करी शिक्षण हवे आणि ते इंग्रजांच्या राज्यात मिळणार नाही, हे त्यांच्या मनाने घेतले. विशीच्या उंबरठ्यावर त्यांनी देश सोडला. आधी जपान आणि तिथून अमेरिका.

घर सोडताना आपण चार-पाच वर्षांत परतू, असे कोणत्याही मुलाला वाटते. खानखोजेंना राजरोस मायदेशी परतायला १९४९ साल उजाडले. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे लागली.

शेतीचा विद्यार्थी सैनिक कसा झाला?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खानखोजेंनी दोन शिक्षणे बरोबरीने घेतली. ऑरेगन राज्यातल्या कॉर्व्हालिसच्या कृषी महाविद्यालयात ते शेती शिकले आणि कॅलिफोर्नियात सॅन राफेलजवळच्या माउंट टमालपाइस लष्करी अकादमीत त्यांनी कवायत आणि शस्त्रविद्या घेतली. पोटासाठी मिळेल ते काम करावे लागे. त्या भागातल्या लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर पंजाबी मजूर मोठ्या संख्येने होते. पोर्टलंडमध्ये पंडित काशीराम यांच्यासह खानखोजेंनी या मजुरांना संघटित करायला सुरुवात केली. १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला. त्याच्या पायाभरणीत जी मोजकी माणसे होती, त्यांत हा वर्ध्याचा तरुण होता.

त्याच वेळी सीमेपलीकडे मेक्सिकोत १९१० पासून क्रांती पेटलेली होती. जमीन कसणाऱ्याची, या मागणीसाठी तिथले शेतकरी लढत होते. अमेरिकेतल्या मुक्कामात खानखोजेंची काही मेक्सिकन क्रांतिकारकांशी ओळख झाली. रामोन दे नेग्री हे त्यांतले एक. पुढे याच ओळखीने त्यांचे आयुष्य वळवले.

पहिले महायुद्ध सुरू झाले तसे गदरचे कार्यकर्ते जगभर पांगले. खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. तिथल्या टोळ्यांच्या मदतीने इंग्रजांवर पश्चिमेकडून दबाव आणायचा आणि बलुचिस्तानमार्गे भारतात शिरायचे, असा बेत होता. नावे बदलत, वेश बदलत त्यांनी दक्षिण इराणात दिवस काढले. लढायाही झाल्या. ते शत्रूच्या हाती सापडले आणि निसटलेही. पण युद्धाचा निकाल लागला आणि बेत फसला. मग बर्लिन. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने भारतीय क्रांतिकारकांचा जो गट मॉस्कोला गेला, त्यातही खानखोजे होते. तिथूनही हाती काही लागले नाही.

आता वय चाळिशीकडे झुकत होते. युरोपात थारा नव्हता, भारतात अटक ठरलेली होती. हाती उरली होती ती एकच गोष्ट: शेतीचे शिक्षण.

मेक्सिकोच का?

१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत पोहोचले. क्रांतीचा धुरळा खाली बसला होता. १९१७ च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गावांना परत देण्याचा मार्ग उघडला होता. जुने स्नेही दे नेग्री आता मेक्सिकोच्या कृषी खात्यात वजन राखून होते. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात खानखोजेंना प्राध्यापकी मिळाली.

हे विद्यालयही त्याच वर्षी, १९२४ मध्ये, चापिंगोला हलले होते. जागा होती एका जुन्या जहागिरीच्या वाड्याची. जिथे जमीनदाराची कचेरी चालत होती, तिथे शेतकऱ्यांची मुले शेती शिकू लागली. जमिनीतून पीक काढायला शिकवायचे, माणसाला पिळायला नाही, अशा आशयाचे ब्रीद या विद्यालयाने घेतले.

आपल्याकडे हेच वर्ष आठवते ते वेगळ्या कारणाने. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्येच साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. बहुजनांच्या मुलांनी स्वतः राबून शिकायचे, ही त्यामागची कल्पना. या दोन माणसांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण जमिनीवर राबणाऱ्याच्या पोराला शाळा मिळाली पाहिजे, ही गरज कृष्णाकाठी आणि मेक्सिकोच्या पठारावर एकाच वेळी जाणवत होती.

चापिंगोच्या भोवती काय होते?

चापिंगो हे तेस्कोको शहराला लागून आहे. आणि तेस्कोको म्हणजे प्राचीन मेक्सिकोच्या इतिहासातले मोठे नाव.

मेक्सिकोच्या या खोऱ्यात एकेकाळी सरोवरांची साखळी होती. १३२५ च्या सुमारास मेशिका लोकांनी, ज्यांना आपण अॅझ्टेक म्हणतो, सरोवरातल्या बेटावर तेनोच्तित्लान ही राजधानी वसवली. आजचे मेक्सिको शहर तिच्याच अवशेषांवर उभे आहे. सरोवराच्या पूर्व काठावर तेस्कोकोचे राज्य होते. तिथला राजा नेझावालकोयोत्ल हा पंधराव्या शतकातला. कवी, कायदे करणारा आणि पाण्याचा जाणकार अशी त्याची ख्याती. १४४९ च्या सुमारास मोठ्या पुराने राजधानी बुडाली, तेव्हा त्याच्या देखरेखीखाली सरोवरात सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बांध घालण्यात आला. या बांधाने दोन कामे केली. पूर अडवला आणि सरोवराच्या पूर्वेकडचे खारे पाणी राजधानीभोवतीच्या गोड्या पाण्यात मिसळू दिले नाही.

२००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकराला या बांधाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आणि वाळवा, पलूस, मिरज भागातल्या ज्या शेतकऱ्यांची जमीन अति पाण्याने क्षारपड झाली आहे, त्यांना गोड्या आणि खाऱ्या पाण्याची वाटणी किती मोलाची असते, हेही कळेल.

गोड्या पाण्याच्या भागात चिनाम्पा नावाची शेती चाले. उथळ पाण्यात खुंट्या ठोकून, वेलींनी बांधून, तळाचा गाळ आणि वनस्पती थरावर थर टाकून लांबट वाफे तयार करायचे. दोन वाफ्यांमध्ये पाण्याचा पाट. पाटातला गाळ उपसून पुन्हा वाफ्यावर. खत तेच आणि ओलही तीच. वर्षात अनेक पिके निघत. याच शेतीवर राजधानीची मोठी लोकसंख्या पोसली जात होती. सोचिमिल्को भागात असे वाफे आजही आहेत.

तेस्कोकोपासून जवळच तेओतिहुआकानचे भव्य पिरॅमिड आहेत. ते अॅझ्टेकांनी बांधलेले नाहीत. अॅझ्टेक त्या भागात येण्याच्या कित्येक शतके आधी ते शहर ओस पडले होते. भरभराटीच्या काळात तिथे एक लाखाहून अधिक लोक राहत होते. दक्षिणेला माया लोकांची नगरे होती. शून्यासाठी चिन्ह वापरणारे, ग्रहगणित करणारे आणि स्वतःची लिपी असलेले हे लोक. त्यांच्या सृष्टिकथेत देवांनी माणूस घडवला तो मक्याच्या पिठातून.

१५२१ मध्ये तेनोच्तित्लान स्पॅनिश सैन्याच्या हाती पडले. युद्धापेक्षा देवीसारख्या साथींनी जास्त माणसे नेली. देवळे पाडली गेली, पोथ्या जाळल्या गेल्या. राजगिऱ्यावरही संक्रांत आली, कारण त्याच्या पिठाच्या मूर्ती करून पूजा होत असे. जे धान्य तिकडे धर्माच्या कारणाने मागे पडले, तेच आपल्याकडे धर्माच्या कारणाने, उपवासाला चालते म्हणून, घराघरात टिकले.

मात्र या संस्कृती नष्ट झाल्या, असे म्हणणे अर्धेच खरे आहे. अॅझ्टेकांची नाहुआत्ल भाषा आज मेक्सिकोत १५ लाखांहून अधिक लोक बोलतात. खानखोजे चापिंगोच्या आसपासच्या गावांत फिरत, तेव्हा समोर बसलेले शेतकरी याच लोकांचे वंशज होते. मंदिरे गेली होती, पण बियाणे गेले नव्हते.

मका माणसाने कसा घडवला?

मका रानात कुठेही आपोआप उगवत नाही. त्याचे दाणे कणसाला घट्ट बसलेले, वरून पानांचे वेष्टन. माणसाने सोलून पेरल्याशिवाय तो दुसऱ्या पिढीत जात नाही. मग तो आला कुठून?

नैऋत्य मेक्सिकोत बाल्सास नदीचे खोरे आहे. तिथे तेओसिंते नावाचे रानगवत उगवते. त्याच्या कणसात जेमतेम पाच ते बारा दाणे, तेही दगडासारख्या कठीण कवचात. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी या गवतातून बरे दाणे निवडून पेरायला सुरुवात केली. पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली. कवच गेले, दाणे वाढले, कणीस मोठे झाले. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यांनी केलेले हे पीक सुधारणेचे काम जगातल्या मोठ्या कामांपैकी एक मानले जाते.

मक्याबरोबर घेवडा आणि भोपळाही आला. या तिघांची एकत्र शेती म्हणजे मिल्पा. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकतात, ओल टिकते, तण दबते. आपल्या ज्वारी-तुरीच्या आंतरपिकामागे जो विचार आहे, तोच इथेही आहे. ताटातही हे तिघे एकमेकांची उणीव भरतात. मक्याच्या प्रथिनात जे कमी पडते ते घेवडा पुरवतो.

आणखी एक युक्ती स्वयंपाकघरातली. तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून मग वाटतात. त्याने साल सुटते, पीठ चिकट होऊन भाकरीसारखी तोर्तिया थापता येते. शिवाय मक्यात अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपने मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही. परिणामी मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. बियाणे नेताना त्याच्यामागचे ज्ञान मागे ठेवले, तर काय होते याचा हा धडा आहे.

खानखोजेंनी मक्यावर काय काम केले?

तेओसिंते हा मक्याचा पूर्वज आहे की केवळ लांबचा नातलग, यावर १९३० च्या दशकात शास्त्रज्ञांत जोराचा वाद होता. जॉर्ज बीडल यांनी तेओसिंतेची बाजू घेतली, पॉल मँगल्सडॉर्फ यांनी विरोधी. हा वाद पुढे कित्येक दशके चालला आणि जनुकांच्या अभ्यासाने अखेर बीडल यांच्या बाजूने निकाल दिला.

अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत ही चर्चा चालू असताना खानखोजे चापिंगोच्या शेतात रानटी तेओसिंते आणि मका यांचा संकर करून पाहत होते. रानगवताचा काटकपणा आणि मक्याचे उत्पन्न एकत्र आणता येईल का, हा प्रश्न होता. या संकरातून आलेल्या मक्याला त्यांनी तेओ-मका असे नाव दिले. मक्याच्या आणखी एका वेगळ्या प्रकारावर, ग्रानादा मक्यावर, त्यांनी स्पॅनिशमध्ये पुस्तिका लिहिली. मक्याखेरीज गहू आणि कडधान्यांवरही त्यांचे काम झाले. उद्देश साधा होता. मेक्सिकोच्या पठारावर कधी पाऊस दगा देतो, कधी धुके आणि गारठा पीक मारतो. तिथे टिकेल असे वाण गरीब शेतकऱ्याच्या हाती पडले पाहिजे. माण, खटाव, जत, आटपाडीच्या शेतकऱ्याची मागणी याहून वेगळी नाही.

शेतकऱ्यांच्या शाळा कशा होत्या?

खानखोजेंच्या कामाचा दुसरा भाग प्रयोगशाळेबाहेरचा. विद्यालयात येऊ न शकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी गावोगाव मुक्त कृषी शाळा उभारल्या. जमीन नुकतीच हाती आलेल्या शेतकऱ्याला बियाणे कसे निवडायचे, माती कशी राखायची, पीक कसे विकायचे हे त्याच्याच शिवारात शिकवायचे, अशी ही योजना. यातल्या एका शाळेला एमिलियानो झापाता यांचे नाव होते. जमिनीसाठी लढलेला हा शेतकरी नेता १९१९ मध्ये मारला गेला होता.

इंग्रजी राज्य उलथवायला निघालेल्या माणसाने शेतकऱ्याला बी पारखायला शिकवणे, यात वरवर पाहता मोठी माघार दिसते. खानखोजेंच्या आयुष्याचा धागा मात्र तुटत नाही. पंजाबी मजुरांना एकत्र करताना आणि मेक्सिकन शेतकऱ्यांना शिकवताना त्यांच्यासमोर एकच माणूस होता. राबतो, पिकवतो आणि तरी अर्धपोटी राहतो, तो.

भित्तिचित्रात हा मराठी माणूस कसा आला?

क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या हवाली करण्यात आल्या होत्या. वाचता न येणाऱ्या जनतेने आपला इतिहास भिंतीवर पाहावा, ही कल्पना. दिएगो रिव्हेरा हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव. चापिंगोच्या जुन्या प्रार्थनागृहाच्या भिंती त्यांनी १९२० च्या दशकात रंगवल्या. तिथल्या एका चित्रात झापाता आणि त्याचा साथीदार जमिनीखाली बियाण्यासारखे निजलेले आहेत आणि वर मक्याचे पीक डोलते आहे.

खानखोजे आणि रिव्हेरा यांची चांगली ओळख होती. मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिव्हेरा यांनी रोजच्या भाकरीवर एक चित्र काढले. एका टेबलाभोवती निरनिराळ्या वंशांची माणसे बसली आहेत आणि मध्यभागी भाकरी वाटणारा माणूस आहे. त्या माणसाचा चेहरा खानखोजेंचा आहे. प्रसिद्ध छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी त्यांच्या शाळांची आणि मक्याची छायाचित्रे काढली. आज या छायाचित्रांचा अभ्यास कलेचे विद्यार्थी करतात. त्यातल्या कणसामागे उभा असलेला संशोधक मराठी होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

१९३६ मध्ये खानखोजेंनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केले. त्यांना दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. माया हे नाव भारतातही चालते आणि मेक्सिकोतही.

परतीचा रस्ता सोपा का नव्हता?

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी घर सोडले ते झाले होते. पण इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत खानखोजेंचे नाव होते आणि स्वतंत्र भारताच्या दप्तरातून ते लगेच निघाले नाही. ज्या देशासाठी निर्वासितपण पत्करले, त्याच देशाच्या दारात अडचण यावी, असा हा प्रसंग होता. १९४९ मध्ये ते शेतीविषयक कामासाठी भारतात आले आणि पुढे १९५० च्या दशकात कुटुंबासह नागपुरात स्थायिक झाले.

इथे त्यांची वाट कुणी पाहत नव्हते. गदरच्या आठवणी पंजाबात होत्या, महाराष्ट्रात फारशा नव्हत्या. मेक्सिकोतल्या मक्याचे काम स्पॅनिशमध्ये बंदिस्त होते. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले.

या तारखेच्या आगेमागे काय घडत होते, ते पाहण्यासारखे आहे. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेले हे बुटके गहू. त्यातूनच आपल्याकडची हरितक्रांती सुरू झाली. त्याच वर्षी मका आणि गहू यांच्या संशोधनाचे आंतरराष्ट्रीय केंद्र मेक्सिकोत स्थापन झाले. त्याचे मुख्यालय आज तेस्कोकोजवळ, चापिंगोपासून थोड्याच अंतरावर आहे. बोरलॉग मेक्सिकोत पोहोचले ते १९४४ मध्ये. त्याच्या वीस वर्षे आधीपासून एक भारतीय संशोधक त्याच मातीत पिके सुधारत होता. मेक्सिकोचे बियाणे भारताची भूक भागवायला निघाले आणि मेक्सिकोची शेती पोटतिडकीने सुधारणारा भारतीय नागपुरात जवळजवळ विस्मरणात गेला.

त्यांच्या कन्या सावित्री सावनी यांनी इंग्रजीत आणि वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले, म्हणून हे आयुष्य आपल्यापर्यंत पोहोचले. २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजेंच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला याचे काय?

कोरेगाव तालुक्यातला तांबड्या पट्ट्यांचा वाघ्या घेवडा आज भौगोलिक मानांकन मिळवून आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीलाही ते मिळाले आहे. घेवड्याचे मूळ मेक्सिको आणि अँडीज पर्वतात. आजची स्ट्रॉबेरी उत्तर अमेरिकेतल्या आणि चिलीतल्या दोन जातींच्या संकरातली, आणि चिलीतली जात तिथले मूळ रहिवासी स्पॅनिश येण्याआधीच लावत होते. बटाटा आणि पपई हे शब्द पोर्तुगीजांमार्फत कॅरिबियन बेटांवरून आले, काजू आणि अननस ब्राझीलच्या तुपी भाषेतून. पेरू या फळाच्या नावात तर त्या देशाची खूणच असल्याचे मानले जाते. म्हणजे वाघ्या घेवडा परका का? नाही. कोरेगावच्या मातीत कित्येक पिढ्यांच्या शेतकऱ्यांनी निवडून-निवडून तो आपला केला. नऊ हजार वर्षांपूर्वी बाल्सासच्या खोऱ्यात जे झाले, तेच इथे लहान प्रमाणात झाले.

धोका आहे तो ही निवड थांबण्याचा. २०१८ मध्ये मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पसरली. मका जिथून आला, तिथूनच ही अळीही आली. १९७० मध्ये अमेरिकेत सगळीकडे एकाच जातकुळीचा संकरित मका होता. करपा आला आणि देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले. शिवारात सगळे वाण एकाच साच्याचे असले की एक रोग पुरतो. त्यावर उतारा मिळतो तो जुन्या देशी वाणांत आणि रानटी नातलगांत. खानखोजे तेओसिंतेकडे वळले ते याच कारणाने.

संकरित मक्याचे बियाणे दरवर्षी विकत आणावे लागते. ते वाईट आहे असे नाही. उत्पन्न त्याचेच जास्त येते. पण घरात एखाद्या मडक्यात, राखेत घोळून ठेवलेले घेवड्याचे, देशी मक्याचे किंवा राजगिऱ्याचे बी असेल, तर ते अडगळ समजून टाकू नये. ते कुणीतरी निवडून, जपून आपल्यापर्यंत पोहोचवलेले असते. पुढच्या एकादशीला राजगिऱ्याचा लाडू खाताना एवढे आठवले तरी पुरे.